वेचणीला जाणारे विद्यार्थी आणि कायद्याचे घड्याळ

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा दाटू लागतात. आधी मुले जातात, कारण सोंगणीचे आणि गंज्या लावण्याचे काम त्यांच्याकडे येते. दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेच आला की मुलींची बाके रिकामी होतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी 22 वर्षे शिकवीत आहे आणि "सर, वेचनी झाली का येतो" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. ते खोटे नसते. सांगणारा मुलगा खरोखरच परत येण्याच्या विचारात असतो. परंतु पहिल्या वेचानंतर दुसरा येतो, मग तूर आणि हरभऱ्याचे दिवस येतात, आणि मार्च महिन्यात परीक्षा केंद्रावर त्याच्या बैठक क्रमांकाचे बाक रिकामे राहते. तो नापास झालेला नसतो. तो परीक्षेपर्यंत पोचलेलाच नसतो.

ही मुले 14 ते 18 या वयोगटातील आहेत. त्यांच्या कामाविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर म्हणतो की शिकण्याच्या वयात मुलाने काम करताच कामा नये. दुसरा म्हणतो की आम्हीही असेच वाढलो, त्यात बिघडले काय. पहिल्या सुरात तळमळ आहे, पण ज्या घरात दिवाळीनंतरचे तीन महिने हीच वर्षाची खरी कमाई असते, त्या घराला त्याच्याकडून काही मिळत नाही. दुसऱ्या सुरात अनुभव आहे, पण ज्यांची शाळा त्या कामापायी कायमची सुटली त्यांचा अनुभव त्यात मोजलेला नाही. माझे म्हणणे या दोहोंपेक्षा वेगळे आहे. किशोरवयीनांच्या कामाची वेळ ऋतूप्रमाणे आणि शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे हलवता आली पाहिजे. मात्र आठवड्याच्या एकूण तासांची मर्यादा, मजुरीचा दर आणि धोक्याच्या कामांवरील बंदी यांना कोणाच्याही सोयीसाठी हात लागता कामा नये. ‘लवचिक वेळ’ हा शब्द हल्ली उद्योगांच्या तोंडी फार असतो, आणि तेथे त्याचा अर्थ बहुधा मालक बोलावील तेव्हा हजर राहणे असा होतो. मला तो शब्द मुलाच्या बाजूने वापरायचा आहे.

यासाठी प्रथम कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण तो गावात जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्यात ‘किशोरवयीन’ हा नवा वर्ग आला: ज्याने वयाची 14 वर्षे पूर्ण केली आहेत पण 18 पूर्ण केलेली नाहीत असा मुलगा किंवा मुलगी. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास या दुरुस्तीने सर्वत्र बंदी केली आणि शाळा सांभाळून कुटुंबाच्या बिनधोक कामात हातभार लावणे व कलावंत म्हणून काम करणे एवढे दोनच अपवाद ठेवले. किशोरवयीनांना खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम करण्यास मनाई झाली. इतर ठिकाणी ते काम करू शकतात, पण काही अटींवर. सलग तीन तासांहून अधिक काम नाही; तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती; विश्रांती आणि खोळंबा धरून दिवसाचे एकूण सहा तास; संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम नाही; जादा काम नाही; एका ठिकाणी काम केलेल्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी काम नाही; आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. या अटी ‘आस्थापने’साठी आहेत, आणि त्या शब्दाच्या व्याख्येत दुकान, कार्यशाळा, उपाहारगृह यांच्या जोडीला ‘शेत’ हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दहा एकरांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे शेत, हीसुद्धा आस्थापना आहे. तेथे वेचणीला आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तीन तासांनंतर तासभर सावलीत बसण्याचा हक्क आहे, तिच्या नावाची नोंदवहीत नोंद व्हायला हवी आहे, आणि तिला कामावर घेतल्याची माहिती निरीक्षकाकडे जायला हवी आहे. मी अशी नोंदवही एकाही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाहिलेली नाही. याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देणे मला योग्य वाटत नाही, कारण ही अट आहे हे त्याला सांगायला कोणी आलेलेच नाही.

आता हेच घड्याळ विदर्भातल्या खेड्याच्या दिवसावर ठेवून पाहावे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणे ही आमच्यासाठी नवलाची गोष्ट नाही. त्या दिवसांत शहाणा शेतकरी पहाटे साडेपाचला वावरात जातो आणि दहा-साडेदहाला परततो. धसकटे वेचणे, पऱ्हाट्या उपटणे, संत्र्याच्या बागेत आळी करणे, पाणी फिरवणे ही कामे उन्हे चढण्याआधी उरकतात. तेंदूपत्ता तोडायला गोंदिया-गडचिरोलीतली कुटुंबे उजाडण्याआधी जंगलात शिरतात आणि दुपारी घरी बसून पुडे बांधतात. मोहफुले तर पहाटेच पडतात आणि पहाटेच वेचावी लागतात. हे शहाणपण उष्माघाताने शिकवलेले आहे. आणि कायदा मात्र सोळा वर्षांच्या मुलाला सकाळी 6 ते 8 या वेळेत मजुरीने काम करण्यास मनाई करतो, आणि सकाळी 11 ते संध्याकाळी 5 या वेळेत, मध्ये तासाभराची विश्रांती ठेवून, परवानगी देतो. मेच्या उन्हात या दोहोंपैकी कोणती वेळ मुलाच्या जिवाला धोक्याची आहे हे आमच्याकडचा कोणताही लहान मुलगा सांगेल. ज्या अटीचा हेतू मुलाची झोप आणि सुरक्षितता राखणे हा होता, ती अट ऋतूकडे न पाहिल्यामुळे विदर्भात त्याला भर उन्हात ढकलते. ती कोणी पाळत नाही म्हणून आजवर नुकसान झाले नाही, हे समाधान मानण्यासारखे नाही. कारण सकाळची अट ज्या सहजतेने बाजूला टाकली जाते, त्याच सहजतेने सहा तासांची आणि रात्रीची अटही टाकली जाते.

शाळेच्या दिवसांतली गत निराळी आहे. आमची शाळा साधारणपणे अकराला भरते आणि पाचला सुटते. सकाळी आठच्या आधी काम नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, म्हणजे शाळकरी मुलाला कायद्याने मोकळी असलेली वेळ आठ ते साडेदहा आणि सव्वापाच ते सात एवढी. त्यातली सकाळची वेळ दोन-तीन किलोमीटरवरच्या शेतात जाऊन, काम करून, आंघोळ-जेवण आटोपून शाळेत पोचायला पुरत नाही. संध्याकाळी हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. तेव्हा शाळा आणि मजुरी एकाच दिवशी कायदेशीररीत्या करणे जवळपास अशक्य आहे, आणि पूर्ण दिवसाच्या शाळेच्या बदल्यात सहा तासांचे काम मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे. चौदा वर्षे पूर्ण झाली की शिक्षण हक्क कायद्याचे छत्र संपते आणि त्याच दिवशी कामाचे दार उघडते. या दोन कायद्यांनी एकमेकांशी कधी बोलणेच केलेले नाही असे वाटावे इतके ते परस्परांना पाठमोरे आहेत. कामाच्या तासांची मर्यादा शाळेशी बांधलेली नसेल, तर सहा तास हा आकडा शाळा सोडलेल्या मुलासाठी थोडासा दिलासा ठरतो आणि शाळेत असलेल्यासाठी शाळा सोडण्याचे आमंत्रण.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा धागा जोडलेला आहे. किमान वयाविषयीचा 138 क्रमांकाचा आणि बालमजुरीच्या अत्यंत वाईट प्रकारांविषयीचा 182 क्रमांकाचा, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन्ही करार भारताने 13 जून 2017 रोजी स्वीकारले. 138 व्या करारात हलक्या कामाची कसोटी दिली आहे ती अशी की त्या कामाने आरोग्याला आणि वाढीला अपाय होऊ नये आणि शाळेतल्या उपस्थितीला बाधा येऊ नये. हजेरी ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण ती मोजता येते. कोणत्या मुलाला किती श्रम झेपतील यावर वाद घालता येईल. हजेरीपट मात्र रोज लिहिला जातो.

मुलांच्या कामाच्या तासांचा प्रश्न आपल्याकडे कापसातूनच जन्मला, हेही येथे आठवले पाहिजे. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली आणि 1881 साली देशातला पहिला कारखाना कायदा आला. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. आज तो आकडा वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळी तेवढीही मर्यादा गिरणीमालकांना जड वाटत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने 1884 साली मागण्या मांडल्या आणि 1890 साली रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा कुठे आठवड्यातला एक दिवस कामगाराचा झाला. ज्या कापसाच्या गिरण्यांसाठी हे सगळे घडले, तो कापूस वेचणाऱ्या हातांपर्यंत मात्र ती सुट्टी अजून नीट पोचलेली नाही; आमच्याकडे सुट्टी म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस, आणि तोही चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, घ्यायला आणि किराणा भरायला जातो.

आणि शिक्षणाची श्रमाशी जोड घालण्याचा विचारही आमच्याच भागात मांडला गेला. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकीर हुसेन समितीने तिला आकार दिला आणि सेवाग्रामला नई तालीमचे काम उभे राहिले. त्याही आधी, 1855 साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही वाट आपल्या परिचयाची आहे. या तिन्ही प्रयत्नांत काम शिक्षणाच्या वेळेत बसवलेले होते, किंवा शिक्षण कामाच्या वेळेभोवती रचलेले होते. आज जे चालले आहे त्याला काही जण ‘कमवा आणि शिका’चे नाव देतात, तेव्हा मला वाईट वाटते. सोयाबीनची पेंढी उचलताना मुलगा कमावतो हे खरे. पण त्या वेळी तो जे शिकतो ते त्याला आधीच येत असते.

शाळेचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे हलू शकते याचा पुरावा विदर्भाला बाहेरून शोधण्याची गरज नाही. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीकडे उघडतात. एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या होतात. उन्हासाठी जे करता आले ते सोंगणीसाठी का करता येऊ नये? शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने शैक्षणिक दिनदर्शिका ठरविण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आहे आणि त्याच कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवसांची अट घातली आहे. दिवस कमी न करता त्यांची मांडणी बदलता येते. आमच्या तालुक्यात दिवाळीच्या सुट्टीतले आठ-दहा दिवस सोंगणीच्या ऐन भरात आणावेत, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जुलैच्या रोवणीसाठी वेगळा विचार व्हावा, वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात तोड्याप्रमाणे तो वेगळा असावा. आणि हीच मोकळीक नववी ते बारावीच्या वर्गांना मिळावी. सहामाही परीक्षा सोंगणीच्या आठवड्यात ठेवून मग मुले आली नाहीत म्हणून चिडणे हे आम्हा शिक्षकांकडून वर्षानुवर्षे घडत आले आहे. मीही चिडलो आहे. एकदा सहामाही चुकवलेल्या एका मुलाला मी वर्गात सर्वांसमोर बोललो. तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. त्याच्या घरच्या दीड एकरावर पाऊस यायच्या आत सोंगणी उरकायची होती, हे मला नंतर समजले.

तासांविषयी माझी सूचना अशी आहे. शाळा चालू असताना किशोरवयीन विद्यार्थ्याने आठवड्याला 12 तासांहून अधिक मजुरी करू नये. त्यातले बहुतेक तास शनिवारच्या अर्ध्या दिवसात आणि रविवारच्या सकाळी येतील. परीक्षेआधीच्या महिन्यात ही मर्यादा शून्यावर आणावी. सुट्टीच्या दिवसांत दिवसाला सहा तासांची सध्याची मर्यादा ठीक आहे, पण विश्रांतीचा एक पूर्ण दिवस सुट्टीतही पाळला जावा. मार्च ते जून या महिन्यांत सकाळी 8 ची अट सकाळी 6 वर आणावी आणि त्या बदल्यात दुपारी 11 ते 4 या वेळेत उघड्यावरचे काम पूर्णपणे बंद करावे. मर्यादा आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सध्याच्या कायद्यात त्या एकाच दोरीने बांधल्यामुळे एक सोडवताना दुसरीही सुटते अशी भीती वाटून कोणी त्यांना हात लावीत नाही.

रात्रीच्या बाबतीत मात्र मी तसूभरही ढिलाई मागणार नाही. लग्नसराईत आमच्या गावांतली पोरे वाढपी म्हणून, मांडव आणि विजेच्या माळा लावायला, डीजेच्या गाडीबरोबर जातात. दुपारी दोनला घरून निघतात आणि पहाटे तीन-चारला टेम्पोच्या मागच्या हौद्यात भांड्यांच्या मधे झोपून परततात. हे काम मुलांना आवडते, हातात लगेच पैसे पडतात, वर चांगले जेवण मिळते. म्हणून त्याकडे कोणी मजुरी म्हणून पाहत नाही. सलग तीन रात्री असे जागलेल्या मुलाला वर्गात बसवून बीजगणित शिकवून पाहावे, म्हणजे रात्रीची बंदी का हवी हे कळेल. संध्याकाळी 7 ची अट जशी आहे तशी राहावी आणि केटरिंग व मांडवाचे ठेकेदार यांना ती लेखी कळवली जावी.

फवारणीविषयी वेगळे सांगायला हवे, कारण ते आमच्या जिल्ह्याने भोगलेले आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात भरती व्हावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली होती आणि फवारा तोंडावर येत होता. पंपाचे वजन, दमट उष्मा, अंगाला चिकटणारा ओला कपडा, नाकातोंडावर बांधलेला साधा रुमाल, यांपैकी काहीही अठरा वर्षांखालच्या शरीरासाठी नाही. पाणी आणून देणे, औषध कालवणे, रिकामे डबे उचलणे ही ‘हलकी’ कामे म्हणून मुलांकडे दिली जातात. औषध कालवताना ते सर्वांत तीव्र असते, हे कृषी सहायक दर बैठकीत सांगतात. फवारणी असलेल्या शेतात त्या दिवशी एकही किशोरवयीन असू नये. मळणीयंत्रापाशीही असू नये. सैल बाही पट्ट्यात अडकायला क्षणही पुरतो. या दोन बाबतींत अपवाद, परवानगी, पालकांची संमती असे काहीही नको.

आता मजुरी. वेचणी किलोवर असते, आणि हेच मुले वेचणीला ओढली जाण्याचे मोठे कारण आहे: काटा वजन पाहतो, वय विचारत नाही. सकाळी सातला दव असताना वाकायला सुरुवात केलेली मुलगी संध्याकाळी काट्यावर गाठोडे ठेवते तेव्हा तिला आईच्याच दराने पैसे मिळतात, पण ते आईच्या नावावर मोजले जातात. रोजीच्या कामात उलटे होते. तेथे पोराला ‘अर्धी रोजी’ दिली जाते आणि काम जवळपास पुऱ्या गड्याचे घेतले जाते. 1948 च्या किमान वेतन कायद्यात प्रौढ, किशोर आणि बालक यांचे वेगवेगळे दर ठरविण्याची मुभा होती, तिची सावली अजून गावच्या व्यवहारावर आहे. माझे मत असे की किशोरवयीनांसाठी तासाचा दर ठरावा आणि तो प्रौढांच्या तासाच्या दराइतकाच असावा. किशोर स्वस्त पडतो तोवर त्याला शाळेतून ओढून आणण्यात फायदा राहणारच. मजुरी त्याच्या खात्यात जावी; दहा वर्षांवरील मुलाला बचत खाते स्वतः चालवता येईल अशी सोय रिझर्व्ह बँकेने 2014 सालीच करून दिली आहे. घराला पैशांची गरज असेल तर तो देईलच, आमची मुले तेवढी जाणती आहेत. परंतु आपण किती कमावले हे त्याला आकड्यांत दिसले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो हे मान्य केले पाहिजे. बारा तासांची मर्यादा मजुरीला लागेल. स्वयंपाक, पाणी, धाकट्यांना सांभाळणे यांना ती लागणार नाही. वेचणीच्या दिवसांत आई पहाटे जाते आणि घर मुलीवर पडते, तेव्हा ती स्वतः वेचणीला न जाताही शाळा चुकवते. हजेरीपटावर ही गैरहजेरी आणि मजुरीची गैरहजेरी सारखीच दिसते. एसटीचा मोफत प्रवास, राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस, सायकल या योजनांनी मुलींना शाळेपर्यंत आणले, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण वेचणीच्या तीन महिन्यांत गावातली अंगणवाडी दिवसभर चालू राहिली तर त्यापेक्षाही अधिक मुली वर्गात दिसतील असे मला वाटते. कामगार कायद्याच्या चर्चेत अंगणवाडीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. गावात राहणाऱ्याला हा प्रश्न विचारावा लागत नाही.

बालहक्कांसाठी झटणाऱ्या माझ्या काही मित्रांना या सगळ्यात धोका दिसतो. त्यांचे म्हणणे असे की वेळेत सवलत दिली की कामाला मान्यता मिळते, आणि एकदा मान्यता मिळाली की मर्यादा कागदावर राहते. त्यांचा हा अविश्वास निराधार नाही. 2016 च्या दुरुस्तीत चौदा वर्षांखालील मुलांसाठी कुटुंबाच्या कामाचा अपवाद ठेवताना कुटुंबात आई-वडील, भावंडे यांच्याबरोबर काका, आत्या, मामा, मावशीही धरले गेले, आणि खेड्यात कोण कोणाचा काका नसतो? त्या अपवादाला माझाही विरोध आहे. चौदा वर्षांखाली कोणतीही सवलत मला नको आहे. पण 14 ते 18 या वयोगटात काम कायद्याने मान्य झालेलेच आहे. प्रश्न आता एवढाच उरतो की ते मान्य झालेले काम शाळेशी जुळेल असे करायचे की शाळेच्या विरोधात उभे ठेवायचे. दरवर्षी 12 जूनला बालमजुरीविरोधी दिन येतो, त्या सुमारास तालुक्याच्या बाजारपेठेत हॉटेल-गॅरेजांची तपासणी होते, छायाचित्रे छापून येतात. त्या वेळी आमच्या शाळा उघडलेल्याही नसतात. नोव्हेंबरात, जेव्हा बाके खरोखर रिकामी असतात, तेव्हा वावरात कोणी आलेले मी पाहिलेले नाही.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. "पोट्टे सोताहून येतात, त्यायले नाही कसं म्हनू?" असे मला एका शेतकऱ्याने विचारले, आणि त्याच्या प्रश्नात लबाडी नव्हती. कापूस फुटलेला असताना अवकाळी पावसाने तो काळा पडतो, मजूर मिळत नाहीत, बोंडअळीने आधीच उत्पन्न खाल्लेले असते. त्याला मी एवढेच म्हणालो की शनिवार-रविवारी येऊ द्या, सोमवारी परत पाठवा. मोठ्या माणसांची कमतरता मुलांनी भरून काढायची ही व्यवस्था त्याच्याही फायद्याची नाही, कारण दहावी न झालेला मुलगा उद्या सालगडी म्हणूनही टिकत नाही. तो पुण्या-मुंबईच्या बांधकामावर किंवा सुरतच्या गाडीत दिसतो.

देखरेख कोणी करावी, हा प्रश्न उरतो. एका जिल्ह्यातले मोजके कामगार अधिकारी हजारो शेतांवर पोचणार नाहीत. ज्याला मुलाचे वय, वर्ग आणि हजेरी माहीत आहे अशी संस्था गावात एकच आहे, ती म्हणजे शाळा; आणि ज्याला शेतकरी, ठेकेदार आणि मुकादम ओळखतात अशी संस्था म्हणजे ग्रामपंचायत. या दोघींनी मिळून एक साधी नोंदवही ठेवावी: कोणता विद्यार्थी, कोणाकडे, कोणत्या दिवशी, किती तास. महिन्याची हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की त्या विद्यार्थ्याचे काम पुढच्या महिन्यात थांबावे आणि शाळा व्यवस्थापन समितीने घरी जाऊन बोलावे. ज्यांची शाळा आधीच सुटली आहे त्यांच्यासाठी बाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबरचा अर्ज आणि मुक्त विद्यालयाची परीक्षा या वाटा आहेत. त्यांची मुदत कधी असते हे गावाला अर्ज संपल्यावर कळते, ते सोंगणीआधी कळावे. शिक्षकांवर आणखी एक कागद, ही तक्रार मला माझ्या सहकाऱ्यांकडून ऐकावी लागेल. आम्ही आज जितकी माहिती वेगवेगळ्या पोर्टलवर भरतो, तिच्यापैकी या एका पानाइतकी उपयोगाची दुसरी नसेल.

कायद्यातली सकाळी 8 ची अट बदलणे दिल्लीच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल. शाळेची दिनदर्शिका जिल्ह्याच्या हातात आहे. नोंदवही गावाच्या हातात आहे, आणि तिच्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आमच्या शाळेने 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्याव्यात असे पत्र सरपंचांना दिले आहे: शाळेच्या दिवशी सकाळी 10 नंतर कोणत्याही विद्यार्थ्याला कामावर घेऊ नये, फवारणीच्या शेतात अठरा वर्षांखालचे कोणी नसावे, आणि वेचणीचा चुकारा करताना मुलांचे वजन वेगळे लिहावे. पहिला वेच यायला त्यानंतर दोन-अडीच महिने असतात.